प्रतिज्ञापत्राचा तोच मजकूर रोज किती वेळा टाइप करायचा?

प्रश्न: नमस्कार. तालुक्याच्या ठिकाणी कोर्टाजवळ माझं टायपिंगचं छोटं दुकान आहे. मराठी ४० ची परीक्षा पास आहे त्यामुळे स्पीडची अडचण नाही, पण प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, नोटिसा, अर्ज, रोज तेच तेच. मी जुनी फाइल उघडते, नाव-पत्ता बदलते आणि प्रिंट देते. मागे एका प्रतिज्ञापत्रात शेवटच्या पानावर आधीच्या माणसाचं नाव तसंच राहिलं आणि वकीलसाहेब सगळ्यांसमोर बोलले. भाचा म्हणतो टेक्स्ट एक्सपान्डर घे, दोन अक्षरं दाबली की अख्खा परिच्छेद येतो. मराठीत चालतं का ते? पैसे पडतील का? माझ्याकडे एक मुलगी कामाला आहे, तिला जमेल का? आणि संध्याकाळपर्यंत मनगट दुखतं, त्याला काही फरक पडेल का?

उत्तर:

ताई, भाचा बरोबर सांगतोय. पण लगेच काही विकत घेऊ नका, कारण तुमच्या कामाला जेवढं लागतं तेवढं तुमच्या वर्डमध्ये आधीपासून आहे आणि बहुतेक दुकानांत ते कुणी उघडूनच बघितलेलं नसतं. ते कसं वापरायचं ते पुढे सगळं सांगते, आधी तुमच्या पत्रातल्या त्या चुकीबद्दल बोलू, कारण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न वेळेचा नाहीच, तो जुनी फाइल उघडून काम करण्याच्या सवयीचा आहे.

वेळेचा हिशोब सोपा आहे. मिनिटाला ४० शब्द म्हणजे सव्वाशे शब्दांचा परिच्छेद तीन मिनिटं खातो, असे दहा झाले की अर्धा तास गेला. पण तुम्ही तो वेळ जुनी फाइल वापरून आधीच वाचवताय ना! त्यामुळे एक्सपान्डरने तुमचा दिवस अर्धा होईल असं मी म्हणणार नाही. फायदा दुसरीकडे आहे. जुन्या फाइलमध्ये आधीच्या माणसाचं सगळं भरलेलं असतं आणि तुम्हाला ते शोधून शोधून काढावं लागतं, एका प्रतिज्ञापत्रात नाव सुरुवातीला येतं, मजकुरात दोनतीनदा येतं, सत्यापनात येतं, सहीखाली येतं, ओळख पटवणाऱ्याच्या ओळीत येतं, आणि फाइंड-रिप्लेस केलं तरी एखाद्या ठिकाणी आधी कुणीतरी 'श्री.' न लावता किंवा मधलं नाव गाळून टाइप केलेलं असतं तेवढं नेमकं सुटतं. नाव सुटलं तर निदान दिसतं तरी. वय, गट नंबर, पॅन नंबर सुटला तर तो दिसतही नाही, कारण तो खऱ्यासारखाच दिसतो! घाईत आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना हे कुणाच्याही हातून होईल, म्हणून जास्त काळजी घ्या असं सांगून उपयोग नाही, पद्धतच बदलायला हवी. जुनी भरलेली फाइल उघडायची नाही. कोरं पान घ्यायचं, न बदलणारा मजकूर साठवलेल्या तुकड्यांतून आणायचा आणि बदलणाऱ्या जागा मुद्दाम रिकाम्या, डोळ्यात भरतील अशा ठेवायच्या.

जुन्या फाइलचा अजून एक धोका आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. प्रतिज्ञापत्राच्या शेवटी 'मजकूर खोटा आढळल्यास भारतीय दंड संहिता कलम १९९ व २०० प्रमाणे शिक्षेस पात्र राहीन' अशी ओळ असते ना, ती कलमं आता न्याय संहितेत २३६ आणि २३७ आहेत. पण जुन्या फाइलवरून नवी, नवीवरून अजून नवी असं चालू असल्यामुळे १८६० चा कायदा अजून प्रिंट होऊन बाहेर पडतोय. स्टॅम्पचंही तसंच, ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात बऱ्याच दस्तांचं १०० रुपयांचं मुद्रांक शुल्क ५०० झालं आणि 'रु. १००/- च्या मुद्रांकावर' हे शब्द कित्येक फायलींत तसेच बसलेत. तुमच्याकडे शेकडो फायली असतील तर शेकडो ठिकाणी दुरुस्ती. तोच मजकूर एका तुकड्यात असेल तर एकदा बदलायचा आणि त्या दिवसापासून निघणारा प्रत्येक कागद बरोबर. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपाचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

आता ते चालतं कसं. पूर्वी तारेने शुभेच्छा पाठवताना पोस्टात ठरलेल्या वाक्यांची नंबरवार यादी असायची, तुम्ही नंबर सांगायचा आणि पलीकडे अख्खं वाक्य पोचायचं. एक्सपान्डर तेच करतो, एवढंच की यादी तुम्ही स्वतः बनवायची आणि नंबरऐवजी तुम्हाला आठवेल असं छोटं नाव ठेवायचं.

वर्डमध्ये याचे दोन रस्ते आहेत. पहिला ऑटोकरेक्ट, फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, मग ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. तिथे डावीकडे छोटं नाव, उजवीकडे पूर्ण मजकूर, आणि नाव टाइप करून स्पेस दाबली की मजकूर हजर. पण साध्या मजकुराला तिथे २५५ कॅरेक्टरची मर्यादा आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणजे दोनतीन ओळींत जागा संपते. शिवाय त्या खिडकीच्या वर एक भाषा लिहून येते, ती यादी त्या भाषेपुरतीच असते, म्हणून मराठीचे शॉर्टकट भरताना वर मराठी लिहिलंय का ते बघा, नाहीतर सगळं नीट भरूनही चालणार नाही आणि तुम्ही म्हणाल की मराठीत होतच नाही. कोर्टाचं नाव, तालुका-जिल्हा, दुकानाचा पत्ता अशा छोट्या गोष्टींना हा रस्ता ठीक आहे.

मोठ्या परिच्छेदांना दुसरा रस्ता, ऑटोटेक्स्ट, आणि कायद्याच्या कामाला मी हाच सुचवेन. परिच्छेद एकदा नीट टाइप करा, फॉन्ट, मार्जिन, ओळीतलं अंतर सगळं हवं तसं करा, सिलेक्ट करा आणि ऑल्ट धरून एफ-३ दाबा. छोटी खिडकी येते. नाव द्या, गॅलरीमध्ये ऑटोटेक्स्ट निवडा, सेव्ह इनमध्ये नॉर्मल निवडा, ओके. पुढच्या वेळी ते नाव टाइप करून नुसतं एफ-३ दाबायचं. लॅपटॉप असेल तर एफ-३ वर आवाज वगैरेचं बटण असू शकतं, तसं असेल तर सोबत एफएन धरावं लागेल. नावात डॅश, स्पेस घालू नका, एकसलग शब्द ठेवा. पहिला एक छोटा तुकडा बनवून तुमच्या कीबोर्ड लेआउटवर तो येतोय ना ते बघून घ्या आणि मगच बाकीचे बनवायला बसा.

ऑटोटेक्स्ट का, तर तो तुम्ही मागितल्याशिवाय येत नाही. ऑटोकरेक्ट आणि बाहेरचे बरेच एक्सपान्डर नाव दिसलं रे दिसलं की मजकूर टाकून मोकळे होतात. 'सही' या शब्दाला तुम्ही सहीचा अख्खा ब्लॉक जोडलात आणि एखाद्या वाक्यात नुसतं 'त्यांनी सही केली' टाइप केलं की तिथे चार ओळी घुसणार, आणि घाईत ते लक्षात आलं नाही तर कागद तसाच बाहेर. चहाची ऑर्डर द्यायच्या मेसेजमध्ये असं झालं तर हसून सोडून देता येतं, दस्तात नाही.

मराठीची एक अडचण इंग्रजीवाल्यांना कधी येत नाही आणि म्हणून यूट्यूबच्या व्हिडिओत ती कुणी सांगतही नाही. आपलं क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं. 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' आणि 'लिहून देते की'. म्हणून अशा प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती करा आणि नावातच फरक ठेवा, प्रशेपु म्हणजे प्रतिज्ञापत्राचा शेवट पुरुष, प्रशेस्त्री म्हणजे स्त्री. 'देतो/देते' असं दोन्ही छापून ठेवायचा मोह होईल, पण मग एक खोडायचं राहतं आणि बाईच्या प्रतिज्ञापत्रावर दोन्ही तसंच दिसतं, ते बरं नाही. माणसाच्या आयुष्यातला महत्त्वाचा कागद असतो तो, त्यात ती व्यक्ती नीट दिसायला हवी.

दुसरी गोष्ट विभक्तीची. रिकाम्या जागेपुढे थेट प्रत्यय लावून ठेवू नका. 'सातारा' ला 'त' लावला की 'साताऱ्यात' होतं, तुकड्याला ते कळत नाही, तो 'सातारात' करून ठेवेल. कोर्टाच्या मराठीत यावर उपाय आधीपासून आहेच, 'यांनी', 'यांचे', 'यांस', 'येथे', 'या गावी'. सगळे तुकडे या शब्दांवर बांधा म्हणजे कुठलंही नाव, कुठलंही गाव टाकलं तरी वाक्य मोडत नाही.

रिकाम्या जागांचं काय करायचं? नुसत्या टिंबांच्या ओळी ठेवल्या तर एखादी तशीच प्रिंट होते. माझी सूचना अशी की प्रत्येक रिकाम्या जागी 'ळळळ' टाइप करून ठेवा आणि त्याला पिवळा रंग द्या. तीन ळ लागोपाठ मराठीच्या कुठल्याही शब्दात येत नाहीत आणि ते टाइप करायला कीबोर्ड इंग्रजीवर न्यावा लागत नाही. गरज असेल तर 'ळळळनाव', 'ळळळवय' असं करा म्हणजे कुठे काय भरायचं ते कळेल. प्रिंट द्यायच्या आधी कंट्रोल-एफ करून 'ळळळ' शोधायचं, एकही सापडला नाही तरच प्रिंट. हा नियम मुलीलाही लावा आणि स्वतःलाही, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे. यात महत्त्वाचं काय होतं बघा, राहून गेलेली जागा आता दुसऱ्या माणसाच्या नावासारखी दिसत नाही, ती उघड उघड चूक म्हणून दिसते, आणि जी चूक दिसते ती पकडता येते.

फॉन्टबद्दल थोडं. जुन्या टायपिंगच्या दुकानांत अजून श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमचे जुने फॉन्ट चालतात. त्यात आतून इंग्रजी अक्षरंच असतात आणि फॉन्टमुळे ती मराठी दिसतात. ऑटोटेक्स्टमध्ये फॉन्टसकट साठवलं तर वर्डमध्ये तो मजकूर नीट येईल, पण तोच ईमेलमध्ये किंवा सरकारी पोर्टलवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. म्हणून नवे तुकडे बनवताना युनिकोडमध्येच बनवा, म्हणजे आतूनही मराठी अक्षरंच साठतात, मंगल, निर्मला असा कुठलाही फॉन्ट घ्या. रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डवर, बोट बसलेलं असेल तर युनिकोडमध्येही रेमिंग्टनचा लेआउट मिळतो, नव्याने शिकायची गरज नाही.

आता बाहेरच्या सॉफ्टवेअरचं. एस्पान्सो नावाचं एक आहे, फुकट आणि ओपन सोर्स, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. त्यात एक फार कामाची सोय म्हणजे शॉर्टकट दाबल्यावर छोटा फॉर्म उघडतो, नाव एकदा भरायचं, पुरुष की स्त्री ते यादीतून निवडायचं आणि नाव पाचसहा ठिकाणी आपोआप जातं. तुमच्या कामाला हे जवळपास शिवून दिल्यासारखं बसेल. पण त्याच्या सेटिंगची फाइल हाताने लिहावी लागते, एक स्पेस इकडेतिकडे झाली तरी चालत नाही, आणि फोनेटिक पद्धतीने, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून, मराठी टाइप करत असाल तर शॉर्टकट ओळखताना गडबड होऊ शकते. दुसरं ऑटोहॉटकी, फक्त विंडोजवर, तेही फुकट, २००३ पासून आहे, खूप ताकदीचं पण ते जवळपास प्रोग्रामिंगच आहे, आणि त्याची फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या पद्धतीत, सेव्ह केली नाही तर मराठीचं भलतंच काहीतरी दिसतं. टेक्स्टएक्सपान्डर नावाचं जे प्रसिद्ध सॉफ्टवेअर आहे त्याला वर्गणी भरावी लागते, मोठ्या ऑफिसांना ठीक, तुम्हाला नको. भाच्याला एवढा उत्साह आहे तर एक रविवार बसवा आणि एस्पान्सो लावून घ्या, पण ते वर्डमधले तुकडे अंगवळणी पडल्यावर, दोनेक महिन्यांनी. वर्ड नसेल तर लिब्रेऑफिसमध्येही ऑटोटेक्स्ट आहे, कंट्रोल-एफ-३ ने बनवायचं, एफ-३ ने आणायचं, आणि ते पूर्ण फुकट आहे.

बाहेरचं काहीही घेतलं तरी एक लक्षात ठेवा, असं सॉफ्टवेअर तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण बघत असतं, तेव्हाच तर त्याला शॉर्टकट कळतो. म्हणून ते त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा, कुणी पेनड्राइव्हवर दिलं म्हणून टाकू नका. आणि तुकड्यांमध्ये गिऱ्हाइकाचा आधार नंबर, कुणाचा पासवर्ड, बँकेचा खातेनंबर असलं काही साठवू नका, या फायली साध्या मजकुरात असतात आणि कुणीही उघडून वाचू शकतं. विंडोजमध्ये विंडोज बटण आणि व्ही दाबलं की शेवटचे २५ कॉपी केलेले मजकूर दिसतात, ते चालू केलेलं असेल तर दुकान बंद करताना क्लिअर करा. लोक विश्वासाने कागद टाकून जातात आपल्याकडे.

सुरुवात कुठून करायची? आठवडाभर टेबलावर एक कागद ठेवा आणि जे दुसऱ्यांदा टाइप केलं त्याच्यापुढे रेघ मारा. ज्याला जास्त रेघा ते आधी. बहुतेक प्रतिज्ञापत्राचा शेवट, सत्यापनाचा परिच्छेद, 'मे. कोर्टात' वाला मथळा आणि भाडेकराराच्या अटी वर येतील. तेवढेच करा, एकदम पन्नास बनवू नका कारण नावं आठवत नाहीत आणि मग माणूस परत जुन्या फाइलकडे जातो. नावं एकाच पद्धतीने ठेवा, प्रतिज्ञापत्राचं सगळं 'प्र' ने सुरू, भाडेकराराचं 'भा' ने, नोटिशीचं 'नो' ने. आणि एक गोष्ट मनापासून सांगते, तुकडा साठवायच्या आधी त्याचं प्रिंट काढून ज्या वकीलसाहेबांचं काम तुमच्याकडे जास्त येतं त्यांना दाखवा, शब्द आणि कलमं त्यांच्याकडून तपासून घ्या. जे बोलले त्यांनाच दाखवलंत तरी हरकत नाही, तुम्ही हे मनावर घेतलंय एवढं त्यांना कळेल.

एकाच मजकुराच्या पन्नाससाठ नोटिसा एकदम काढायच्या असतील, म्हणजे पतसंस्थेच्या थकबाकीदारांच्या वगैरे, तर त्याला एक्सपान्डर नको, मेल मर्ज वापरा. नावं-पत्ते-रकमा एक्सेलमध्ये आणि नोटीस वर्डमध्ये, सगळ्या एका वेळी निघतात.

मुलीला जमेल का, तर नक्की जमेल. नावांची यादी छापून तिच्या कॉम्प्युटरजवळ चिकटवा. पण मजकूर बदलायचा अधिकार एकाकडेच ठेवा, तुमच्याकडे, नाहीतर दोन कॉम्प्युटरवर दोन वेगळे 'प्रशेपु' होतात आणि कुठला खरा ते कळत नाही. तुकडे वर्डच्या नॉर्मल टेम्प्लेटच्या फाइलमध्ये असतात. वर्ड बंद करून, विंडोज आणि आर दाबून तिथे टक्क्याची खूण, ॲपडेटा, परत टक्क्याची खूण असं लिहून एंटर केलं की फोल्डर उघडतो, त्यात मायक्रोसॉफ्ट, मग टेम्प्लेट्स, तिथे ती नॉर्मल नावाची फाइल सापडेल. ती पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याच जागी टाका. कॉम्प्युटर फॉरमॅट करणाऱ्याला हे आधी सांगा, तो माय डॉक्युमेंट्सची कॉपी घेतो आणि हे विसरतो.

फोनवरही थोडं करून घ्या. 'वारस दाखल्याला काय काय कागद लागतात?' हे दिवसातून किती जण विचारत असतील! व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय आहेत, तिरकी रेघ आणि छोटं नाव टाइप केलं की पूर्ण उत्तर येतं, असे ५० ठेवता येतात. साधं व्हॉट्सॲप असेल तर जीबोर्डच्या, म्हणजे गूगलच्या कीबोर्डच्या, पर्सनल डिक्शनरीत शब्द आणि शॉर्टकट भरा, आयफोनला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट रिप्लेसमेंट आहे.

मनगटाचं मात्र सॉफ्टवेअरवर सोपवू नका. बटणं कमी दाबली जातील त्यामुळे थोडा आराम पडेल, पण बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री दुखून जाग येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, लवकर दाखवलं तर उपाय सोपे असतात. तोपर्यंत कीबोर्ड कोपराच्या उंचीवर येईल असं टेबल-खुर्ची बघा आणि मनगट टेबलाच्या कडेवर टेकवून टाइप करू नका.

जुन्या फायली डिलीट करू नका, एका फोल्डरमध्ये हलवा आणि त्याला 'फक्त बघायला' असं नाव द्या. वर्डचं कुठलं व्हर्जन आहे आणि कुठल्या लेआउटवर टाइप करता ते लिहून कळवा, एफ-३ ला काही अडलं तर पुढच्या उत्तरात नेमकं सांगता येईल.